भरतीची वेळ विचार

प्रिय,

तुझ्या प्रवासाचा आराखडा वाचला. सहा दिवस, दोन शहरं, आणि मध्ये त्या किनाऱ्यावरच्या गावासाठी ‘जाता जाता एक तास’. बाकी सगळं तुझ्या मनासारखं कर, पण तो एक तास खोड आणि तिथे ‘मुक्काम’ असं लिही.

तू म्हणशील, तिथे बघण्यासारखं आहे काय? यादीत घालावं असं काही नसेलही. मोठा रस्ता दुसरीकडून गेला आणि गाव बाजूला पडलं, अशी कितीतरी गावं असतात. पण तिथे समुद्र आहे, आणि तो तासाभरात दिसत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. ओहोटीला पोचशील तर चिखलाचा पट्टा आणि कलंडलेल्या होड्या दिसतील, फेरी फुकट गेली असं वाटेल. काही तासांनी त्याच होड्या पाण्यावर डुलत असतात. ते दोन्ही बघ.

उजेड असताना पोच आणि गाडी वाळूवर अजिबात नेऊ नकोस. पंचविशीत मी नेली होती. ओली वाळू डांबरासारखी टणक लागली म्हणून थेट पाण्याच्या कडेपर्यंत. परत फिरताना चाकं रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो आणि दर वेळी चाक आणखी खाली गेलं. पाणी चढू लागलं होतं. जाळं दुरुस्त करत बसलेले चौघं हातातलं काम टाकून आले. एकाने आधी इंजिन बंद करायला लावलं, दुसऱ्याने चाकांजवळची वाळू हातांनी उपसली. टायरमधली थोडी हवा सोडली, दोर बांधला आणि सगळ्यांनी मिळून गाडी ओढली. तोवर एक चाक पाण्यात होतं. मग त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी मला मागे नेऊन वाळलेल्या शेवाळाची एक रेघ दाखवली. म्हणाले, “काल पाणी इथवर होतं. दोन दिवसांवर अमावस्या आहे, आता रोज वर येणार.” ती रेघ माझ्या गाडीच्या जागेपासून चांगली तीस पावलं वर होती.

ती रेघ तूही शोध. शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, दोराचा एखादा निळा धागा. मागची भरती कुठवर आली ते त्यातून कळतं. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आजची वेळ गावातच कुणाला तरी विचार. ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारलं की माणसं उगाच ओशाळतात. भरतीची वेळ विचारलीस की तीच माणसं बोलायला लागतात, कारण त्यांचा दिवस त्या वेळेवर बेतलेला असतो.

वाळत घातलेल्या जाळ्यावरून चालू नकोस, वळसा घाल. फोटो विचारून काढ.

पोहायचं असेल तर एक ध्यानात ठेव. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मध्येच जो शांत पट्टा दिसतो, तिथे उतरू नकोस. तिथूनच पाणी आत ओढून नेतं. कधी सापडलंच कुणी, तर किनाऱ्याकडे झुंजत न राहता किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीतून बाहेर पडावं.

आणि पहाटे उठ, कितीही थकवा असला तरी. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते. त्यामुळे दिवसा तोंडावर येणारे खारे वारे रात्री फिरतात आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर बाहेर पडायच्या. पाण्याकडे तोंड करून उभं राहा, वारा पाठीला लागेल. एखादी होडी निघाली तर नजर हलवू नकोस. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवरच असतं. त्यापलीकडे आधी होडीचं अंग बुडतं, दिवा बराच वेळ एकटाच दिसत राहतो.

खाऱ्या हवेने पत्रा गंजतो, म्हणून गाडी खालून धुऊन घे. पण ती पुढच्या शहरात धू. अशा गावात गोडं पाणी अनेकदा जपून वापरायचं असतं.

परतल्यावर सविस्तर लिही. सकाळची भरती किती वाजता होती, तेवढं विसरू नकोस.

तुझा,
काका