‘कैसराचे ते कैसराला’: अर्धं वचन आणि एक हरवलेलं क्रियापद

एका ताईंनी विचारलं आहे: ‘आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एक मुलगी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहायचं म्हणते. मंडळीतल्या वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, तिला ऐकवलं, की शास्त्रात लिहिलंय, कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला. विश्वासणाऱ्यांनी राजकारणात पडू नये. या वचनाचा अर्थ खरंच असा होतो का? आणि हा कैसर म्हणजे कोण? तो सीझर का नाही?’

शेवटचा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी घेते. कैसर आणि सीझर एकच. आपण ‘ज्यूलियस सीझर’ म्हणतो तो उच्चार इंग्रजीतून आला. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक, आणि ग्रीकमध्ये हा शब्द ‘काइसार’ असा आहे. मराठी बायबलातला ‘कैसर’ त्याच्या जवळचा. मुळात हे ज्यूलियसच्या घराण्याचं नाव. पुढे ते रोमच्या प्रत्येक सम्राटाचं पद झालं. अरबी-फारसीतही ‘कैसर’च रूढ होता, त्यामुळे आपल्याकडच्या कानांना तो परका वाटला नाही. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-इ-हिंद’ म्हणून जाहीर केलं, तेही याच ओळखीच्या बळावर. पहिल्या महायुद्धाच्या वेळचा ‘जर्मनीचा कैसर’ आणि रशियाचा ‘झार’ ही याच शब्दाची भावंडं. बाळंतपणात ‘तिचं सिझर झालं’ म्हणतो तिथेही हेच नाव आहे. मात्र ज्यूलियसचा जन्म तसा झाला ही गोष्ट खरी धरू नये, कारण त्याची आई पुढे बरीच वर्षं जगली.

मराठीने या कैसराला किती आपलंसं केलं ते त्याच्या सामान्यरूपात दिसतं. आज आपण ‘सीझरला’, ‘सीझरचे’ असं, नावाला धक्का न लावता लिहितो. बायबलाच्या मराठीत तो ‘कैसराला’, ‘कैसराचे’ होतो, ‘देवाला’, ‘देवाचे’ यांच्यासारखाच. म्हणून वाक्याचे दोन तुकडे कानाला अगदी सारख्या वजनाचे लागतात. माझ्या मते गैरसमजाची सुरुवात इथूनच होते. तोल इतका नेटका आहे की ही वाटणीच वाटते: एवढं शेत त्याचं, एवढं याचं, मध्ये बांध.

आता पूर्ण वाक्य बघा. चालू मराठी बायबलात ते असं संपतं: ‘…कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या.’ म्हणीसारखं वापरताना आपण शेवटचे दोन शब्द गाळतो आणि क्रियापदच निसटतं. उरलेल्या तुकड्याचा मग ‘ज्याचं त्याला’ एवढाच अर्थ राहतो. ‘हा लेख मी लिहिला नाही, कैसराचे ते कैसराला’ असं श्रेय देतानाही लोक तो वापरतात. त्यात वाईट काही नाही, पण वचनाचा जीव ‘भरून द्या’मध्ये आहे.

प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनकथांत, येतो. परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे) आणि हेरोदी (हेरोद राजघराण्याचे पाठीराखे), म्हणजे एरवी एकमेकांशी न पटणारे दोन यहूदी गट, येशूला अडकवायला एकत्र येतात. ‘कैसराला कर देणे योग्य आहे किंवा नाही?’ या करासाठीचा ग्रीक शब्द ‘केन्सोस’, लॅटिन ‘सेन्सस’वरून आलेला. डोकी मोजायची आणि डोक्यामागे कर घ्यायचा. इ.स. ६ मध्ये यहूदीयात रोमने अशी मोजणी केली तेव्हा गालीलच्या यहूदाने बंड केलं होतं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. तेव्हा हा प्रश्न हिशेबाचा नव्हता, जिवावरचा होता. ‘द्या’ म्हणावं तर लोक उलटणार, ‘देऊ नका’ म्हणावं तर रोमचे शिपाई येणार.

प्रश्नातलं क्रियापद साधं ‘देणे’ आहे. ग्रीकमध्ये ‘दूनाय’. उत्तरात येशू दुसरंच क्रियापद वापरतो, ‘अपोदोते’: परत द्या, देणं चुकतं करा. मराठी भाषांतरकारांना इथे फार नेमका शब्द सापडला. आपण सारा भरतो, पट्टी भरतो, फी भरतो, बँकेत भरणा करतो, नुकसानीची भरपाई करतो. ‘भरणे’ म्हणजे खुशीने काढून दिलेलं दान नव्हे. जे आपल्याकडे आहे पण आपलं नाही, ते पोचतं करणं. आणि हेच क्रियापद दोन्ही बाजूंना लागतं. कैसराचंही भरायचं आहे, देवाचंही. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणाचं काय?

याचं उत्तर नाण्यावर आहे. येशू स्वतःजवळचं नाणं काढत नाही, त्यांच्याकडून मागवतो. ते देवळाच्या आवारात खिशातून नाणं काढतात, म्हणजे कैसराचं नाणं ते स्वतःच वापरतात, आणि इथेच अर्धा निकाल लागतो. मग तो विचारतो, हा मुखवटा आणि लेख कोणाचा? ते नाणं तेव्हाचा रोमन सम्राट तिबेरियस याचा दिनार होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या दिनारवरचा लेख सांगतो: ‘तिबेरियस कैसर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र’. मागच्या बाजूला ‘महापुरोहित’. म्हणजे कैसराने बांध कधीच ओलांडला होता. देवाचा पुत्र आणि देवाचा पुरोहित असे दोन्ही किताब त्याने आपल्या चांदीवर उमटवून घेतले होते.

माझा सगळा जीव अडकला आहे तो ‘मुखवटा’ या शब्दात. ग्रीकमध्ये तिथे ‘एइकोन’ आहे. मोबाइलच्या पडद्यावर आपण ज्याला ‘आयकॉन’ म्हणतो त्याचा हा पूर्वज. अर्थ प्रतिमा, छाप. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात हाच शब्द येतो, देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला तिथे. ग्रीक वाचकाला दोन्ही जागी एकच शब्द ऐकू येई. मराठीत मात्र उत्पत्तीत ‘प्रतिरूप’ आणि नाण्यावर ‘मुखवटा’. दोन्ही शब्द आपापल्या जागी चांगले आहेत. नाण्यावरच्या चेहऱ्याला ‘मुखवटा’ हा तर फार जिवंत शब्द आहे. पण त्या दोघांमधला धागा मराठीत तुटला आणि त्याबरोबर अर्धा अर्थ गेला.

तो धागा जोडून वाचा. नाण्यावर कैसराची छाप आहे, ते कैसराला द्या. माणसावर देवाची छाप आहे, माणूस देवाला द्या. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने नेमकं हेच लिहून ठेवलं आहे: नाण्यावरची प्रतिमा कैसराला, माणसातली प्रतिमा देवाला. असं वाचलं की दोन पारडी समान उरत नाहीत. एका बाजूला चांदीचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला संपूर्ण माणूस. त्यात तो चांदी हातात धरणारा माणूसही आला आणि खुद्द कैसरही आला. हे वचन राजकारण देवाच्या हद्दीबाहेर काढत नाही. ते कैसराची हद्द आखून देतं.

त्या काळच्या विरोधकांनीही ते ‘गप्प बसा’ असं ऐकलं नव्हतं. लूकच्या तेविसाव्या अध्यायात रोमन सुभेदार पिलातापुढे येशूवर आरोप काय होतो? हा कैसराला कर देण्याची मनाई करतो, असा. आरोप खोटा होता. पण जे उत्तर निव्वळ आज्ञाधारक असतं, त्यावर असा आरोप रचायला कोणाला सुचलं नसतं. उलट योहानाच्या शुभवर्तमानात मुख्य याजक ओरडतात, ‘आम्हांला कैसरावाचून कोणी राजा नाही.’ सगळंच कैसराला भरून दिलं की तोंडून काय निघतं, ते हे. आणि प्रेषितांच्या कृत्यांत बेड्या घातलेला प्रेषित पौल म्हणतो, ‘मी कैसराजवळ न्याय मागतो.’ तो रोमन नागरिक होता आणि तो हक्क त्याने उघडपणे वापरला. त्याच पुस्तकात पेत्र आणि प्रेषित न्यायसभेला सांगतात, की मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. कैसराला कर भरावा, कैसराकडे न्याय मागावा, आणि कैसर देवाच्या जागी बसू लागला तर नकार द्यावा. एकाच करारात हे तिन्ही आहे.

मराठीत हे कोणी जगून दाखवलं, तर मला पंडिता रमाबाई आठवतात. ज्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं वेचली, त्या रमाबाई १८८९ च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांचे जे हाल होत होते त्याविरुद्ध त्यांनी जाहीर पत्र लिहिलं. सरकारने त्यातले आरोप नाकारले, आणि त्याची चर्चा ब्रिटनच्या पार्लमेंटपर्यंत गेली. त्यांना ‘राजकारणात पडायचं’ नव्हतं. त्या स्त्रियांवर कोणाची छाप आहे हे त्यांना ठाऊक होतं. १९१९ मध्ये त्याच सरकारने त्यांना पदक दिलं, आणि त्याचं नाव ‘कैसर-इ-हिंद’.

ते पदक गांधीजींनाही मिळालं होतं, १९१५ मध्ये. १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी ते व्हाइसरॉयकडे परत पाठवलं: कैसराचं कैसराला, अगदी शब्दशः! पुढे दांडीयात्रेच्या दिवसांत त्यांनी या वचनावर लिहिलंही. त्यांचा मुद्दा असा, की कैसराचं नाणं वापरून त्याच्या राज्याचे फायदे घेणाऱ्याने कर नाकारू नये. ज्याने तो व्यवहारच सोडला त्याची गोष्ट वेगळी. मला हा अर्थ पूर्ण पटत नाही, त्यात उत्तरार्धातल्या देवाला पुरेशी जागा नाही. पण ‘भरून द्या’ हे देण्या-घेण्याचं क्रियापद आहे हे त्यांनी बरोबर पकडलं होतं.

माझगावचे काका बाप्टिस्टा हे दुसरं नाव. लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९१६ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष, मजुरांच्या बाजूने उभे राहणारे बॅरिस्टर, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. कॅथलिक जोसेफ बाप्टिस्टांना साऱ्या शहराने ‘काका’ म्हटलं, यात सगळं आलं.

ताई, तुमच्या मंडळीतल्या वडिलांच्या मनातली भीती मी हलकी लेखत नाही. व्यासपीठावरून पक्षाचा प्रचार होऊ नये, मंडळीत मतांवरून फूट पडू नये, ही काळजी रास्त आहे. कॅथलिक चर्चचा कायदाही धर्मगुरूंना सत्तेची सार्वजनिक पदं घेऊ देत नाही. पण ती मर्यादा धर्मगुरूला आहे. बाकड्यावर बसणाऱ्या मुलीला नाही.

मला वडिलांच्या वाक्यात खटकतं ते ‘पडू नये’. राजकारणासाठी आपण मराठीत वापरतो ती क्रियापदं बघा: राजकारणात पडणे, उतरणे, शिरणे. भानगडीत पडतो तसे राजकारणात पडतो. घरात कोणी कारस्थान केलं तर ‘इथे राजकारण करू नकोस’ म्हणतो. शब्द मुळात असा नव्हता. ‘मुख्य हरिकथा निरूपण, दुसरें तें राजकारण’ असं समर्थ रामदासांनी दासबोधात लिहिलं, तेव्हा तो हरिकथेच्या शेजारी बसण्याइतका मानाचा होता. तो पुढे मळला, आणि मळलेला शब्द वडिलांनी शास्त्राच्या वचनाला जोडला. शास्त्रातल्या त्या वचनात राजकारण हा शब्दच नाही.

अजून एक शब्द आहे, ‘मतदान’. मत हे आपण दान केलं. मला वाटतं, इथे ‘भरून द्या’ जास्त खरं आहे. कैसराच्या राज्यात माणूस प्रजा होता, त्याच्याकडे द्यायला कर तेवढाच होता. आपल्या संविधानाची सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी होते. कैसराच्या खुर्चीत आता आपण सगळे थोडे थोडे बसलो आहोत. मग भरायचं देणंही वाढलं: कर, मत, आणि वॉर्डातल्या पाण्याचा, गटाराचा, शाळेचा हिशेब विचारणं. ख्रिस्ती माणसाने ते देणं थकवावं असं त्या वचनात कुठेही लिहिलेलं नाही. आणि कोणत्याही पक्षाला, त्यात आपल्या आवडत्या पक्षालाही, देवाची छाप असलेला माणूस तोलून देऊ नये, हे मात्र त्यात नक्की लिहिलं आहे. ती मुलगी निवडून आली तर दुसरा अर्धा भाग तिला जास्त जड जाईल.

त्या मुलीला सांगा, की मार्क १२ मधला तेरावा ते सतरावा श्लोक वडिलांसमोर मोठ्याने, ‘भरून द्या’पर्यंत वाचून दाखव. आणि लक्षात घ्या, मराठीत निवडणुकीला माणूस ‘उभा राहतो’. त्यात ‘पडणे’ येतं ते मतमोजणीनंतर, तेही जमलं नाही तर.