मातीचा कोट तोफेपुढे कसा टिकायचा?

इंग्लंडच्या यादवी युद्धात (1642-46) दगडी किल्ले हाताशी असूनही राजा आणि संसद असे दोन्ही पक्ष मातीचे कोट का रचत होते, असं तुम्ही विचारलंय.

दगडी तटावर गोळा बसला की चिरे फुटतात, कपच्या उडून आतलीच माणसं जखमी होतात आणि कोसळलेल्या ढिगाऱ्यावरून शत्रू चढून येतो. मातीत गोळा रुतून बसतो. पडलेला खड्डा रात्रीतून बुजवता येतो. शिवाय हे काम गवंड्यांवाचून होतं. 1643 मध्ये लंडनभोवती सुमारे 18 किलोमीटरची तटबंदी नागरिकांनी, बायका-मुलांसह, काही महिन्यांत उभी केली.

राजपक्षाच्या नेवर्क गावाचा ‘क्वीन्स स्कॉन्स’ (स्कॉन्स म्हणजे मातीची छोटी सुटी गढी) हा उत्तम नमुना: तीनेक एकरांत चार टोकदार बुरूज, खंदक 70 फुटांपर्यंत रुंद आणि 12 ते 15 फूट खोल. खंदकाची माती काढायची आणि तीच थराथराने धुमसून तट चढवायचा. बाहेरच्या अंगाला गवताची ढेपळं मुळांसकट लावतात, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात उतार घसरतो. घसरलेली माती खंदकात जाऊ नये म्हणून तटाच्या पायथ्याशी अरुंद पट्टी सोडतात. पण तिथेच हल्लेखोराला पाय टेकायला जागा मिळते, म्हणून तटात अणकुचीदार खुंट बाहेर तोंड करून आडवे रोवायचे.

आपल्याला गोल बुरूज सवयीचे. पण गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यातली थोडी जागा शेजारच्या बुरुजावरून दिसत नाही. टोकदार बुरुजाची प्रत्येक बाजू शेजाऱ्याच्या बंदुकीच्या टप्प्यात राहते. माझ्या मते खरी ताकद या कोनांत होती, उंचीत नव्हे.

असे कोट फसायचे ते बहुतेक लांबीमुळे. संसदेच्या ताब्यातल्या ब्रिस्टलची तटबंदी काही मैल लांब, शिबंदी अपुरी आणि खडकाळ भागात खंदक उथळ. 26 जुलै 1643 ला राजपक्षाचा हेन्री वॉशिंग्टन दोन गढ्यांमधल्या कच्च्या तटातून आत घुसला. 1645 मध्ये तोच लांबलचक तट राखायची वेळ राजपक्षाच्या प्रिन्स रुपर्टवर आली. प्रायर्स हिल गढीवर तर 30 पायऱ्यांच्या शिड्याही जेमतेम पोचत होत्या, तरी 10 सप्टेंबरला ती पडली.

नेवर्क मात्र हल्ल्याने पडलं नाही. मे 1646 मध्ये राजानेच हुकूम दिल्यावर ते स्वाधीन झालं. स्कॉन्स आजही तिथल्या डेव्हन पार्कमध्ये आहे. गेलात तर आधी खंदकाच्या बाजूने वर बघा, मग बुरुजावरून शेजारच्या बुरुजाकडे.