नाळेतलं रक्त आणि म्हशीचे पैसे

डोहाळजेवण आटोपून तीनच दिवस झाले होते. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी कोल्हापुरात आलेली. सोबत वडील. दुधाच्या हिशेबाच्या वहीतून त्यांनी एक गुळगुळीत पुस्तिका काढली. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवा, असं त्यात होतं.

"मॅडम, एका म्हशीचे पैसे मागतात. देतो की. पण ह्यात खरं किती?"

मुलीची काळजी पैशांची नव्हती. कंपनीच्या फोनवरच्या माणसानं तिला विचारलं होतं, "उद्या बाळाला काही झालं तर स्वतःला माफ कराल का?" हेच वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की विक्रीच्या पोरांकडून कंपन्या ते घोटूनच घेत असाव्यात.

पुस्तिकेत रक्ताचे आजार, मधुमेह, मणक्याची इजा, स्वमग्नता, सगळ्यांवर एकच औषध: स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशी. घोळ तिथंच आहे. नाळेतल्या रक्तातल्या या पेशी मुख्यतः रक्त तयार करतात. 1988 मध्ये पॅरिसला फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या एका मुलाला त्या पहिल्यांदा दिल्या आणि तो बरा झाला. पण त्या त्याच्या धाकट्या बहिणीच्या नाळेतल्या होत्या, त्याच्या स्वतःच्या नव्हेत.

"मग बाळाला थॅलेसेमिया निघाला तर?" तिनं विचारलं.

"तो आजार आनुवंशिक. तोच दोष साठवलेल्या रक्तातही असणार."

ती गप्प झाली. वडिलांनी पुस्तिका हातात घेऊन मागून-पुढून पाहिली.

रक्त बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतल्या मगजात, आयुष्यभर असतात. दुसऱ्याला देताना नाळेतलं रक्त त्याच्याशी तंतोतंत जुळलं नाही तरी चालून जातं, हा त्याचा फायदा. पण पेशी मोजक्या. मोठ्या माणसाला बऱ्याचदा पुरत नाहीत, आणि नवं रक्त तयार व्हायलाही वेळ जास्त लागतो. जवळजवळ कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या असतात त्या भ्रूणातल्या. माणसाच्या अशा पेशी 1998 मध्ये प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. पुढं जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींना उलटं फिरवून जवळपास भ्रूणातल्या पेशींसारखंच केलं. 2012 चं नोबेल त्यासाठीच. पुस्तिकेतलं मधुमेह बरा करण्याचं स्वप्न पेशींच्या या घराण्यातलं, फोटो मात्र नाळेचा.

पॅकेजमध्ये नाळेचा तुकडा साठवणंही होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यावसायिक साठवणुकीला मुभा फक्त नाळेतल्या रक्ताची आहे.

मी सगळ्यांनाच 'नको' म्हणते असं नाही. ज्यांच्या थोरल्याला थॅलेसेमिया आहे अशा जोडप्याला मी उलट सांगते: रक्तविकारतज्ज्ञांना आत्ताच भेटा, धाकट्याचं रक्त ठेवायची सोय करा. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. या मुलीच्या दोन्ही घरांत असं काही नव्हतं.

"आणि माझं गुडघं?" वडिलांनी हळूच विचारलं. पान बारावर गुडघ्याचं चित्र होतं म्हणे.

"त्याला हाडाच्या डॉक्टरांकडे जा, काका."

जाता जाता तिला एक सांगितलं: बाळ ठीक असेल तर नाळ लगेच न कापता मिनिटभर तरी थांबतात, तेवढ्यात बरंच रक्त बाळाच्या अंगात जातं, तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. तिनं ते पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. वडिलांनी ते पान फाडून वहीत ठेवलं आणि बाकीची पुस्तिका माझ्याच टेबलावर राहिली.