हवाई सेविकेच्या ट्रेनिंगला निघालेल्या सोलापूरच्या पोरीला

अगं, परवा सात रस्त्यावर भेटलीस तेव्हा तू फक्त मेकअप आणि इंग्रजीचं विचारलंस. ते महिनाभरात जमतं. पोहायला मात्र आजपासून शीक.

१९३० मध्ये अमेरिकेत एलन चर्च ही पहिली हवाई सेविका झाली, ती शिकलेली नर्स होती. म्हणजे हे काम मुळात माणसं सांभाळण्याचंच. मधल्या काळात त्याला नुसतं दिसण्याचं आणि ट्रे वाटण्याचं करून टाकलं, त्याचा मला अजून राग येतो. आता पुन्हा भर सुरक्षेवर आहे. निम्मे दरवाजे बंद धरून सगळं विमान ९० सेकंदांत रिकामं व्हावं, असा निकष आहे. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं, आणि आतले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले. ती बातमी नीट वाच.

पॉवर बँकेची आग हे आपल्या पिढीचं नवं काम. ज्वाळा विझल्या तरी बॅटरी आतून तापत राहते, पुन्हा पेटते. म्हणून नंतर पाणी ओतून ती थंड करत राहायची. हे हातात बसेपर्यंत घोकायचं.

आणि तुझं तेलुगू, कन्नड मुलाखतीत लपवू नकोस! आपल्या गल्लीत फुकट मिळालेल्या या भाषा आहेत. घाबरलेल्या आजीला तिच्या भाषेत ‘पट्टा बांधा’ म्हटलं की तिचे हात थरथरायचे थांबतात, मी पाहिलंय.

जाताना शेंगाचटणी ने. रात्रीच्या ड्यूटीनंतर लागते.