घंटा झाली की वर्गात

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. पाचारण, देवाची इच्छा, आत्मिक कोरडेपणा, सगळं त्यात आलं आहे. मलावीतल्या तुझ्या वर्गातल्या एकाही मुलाचं नाव तेवढं आलेलं नाही. फॉर्म दोनमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या इयत्तेत, सत्तरच्या वर पोरं आहेत म्हणतेस. त्यातलं एक नाव लिहावंसं वाटलं नाही?

तेव्हा मुद्द्याचं आधी सांगते. घंटा झाली की वर्गात. प्रार्थना अर्धी राहिली असेल तर ती अर्धी ठेवून वर्गात. मन लागत नसेल तर न लागलेलं मन घेऊन वर्गात. मी तिकडे शिकवायची तेव्हा घंटा म्हणजे झाडाला टांगलेली ट्रकची रिम आणि ती बडवायला लोखंडी गज, तुझ्याकडेही तसंच असणार. त्या आवाजात मला देवाची हाक कधी ऐकू आली नाही, आवाज कर्कश असतो. पण उठायला तो पुरला.

राजधानी लिलाँगवेचं युवकांचं पथक तुला बोलावतंय. गावोगाव सभा, गायनं, साक्षी. तुला वाटतंय की सेवा तिकडे आहे आणि शाळेत नुसती एकसामायिक समीकरणं. शिवाय इकडची आपल्या चर्चची मंडळी तुझ्याकडे फोटो मागते, किती जणांनी प्रभूला स्वीकारलं ते विचारते. विचारणारच. वह्यांचा गठ्ठा तपासतानाचा फोटो उपासनेनंतर पडद्यावर दाखवला तर लोक चपला शोधायला लागतील.

पथकात जाणारे चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. ते सभा घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जातात. तुझी पोरं दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात, आणि काल तू काय शिकवलंस ते त्यांना आठवत नसतं. याकोबाच्या पत्रातला तिसरा अध्याय काढ. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपला न्याय अधिक कडक होणार, असं तो पहिल्याच वचनात बजावतो. हे वचन मला एकाही प्रार्थनासभेत कोणी समजावून दिलेलं नाही. स्टाफरूममध्ये ते आपोआप समजतं.

आपण नगरची माणसं, म्हणून तुला फरार बाईंचं सांगते. सिंथिया फरार 1827 साली अमेरिकेहून मुंबईत उतरली. लग्न न झालेली बाई, मुलींच्या शाळा चालवायला आलेली. पुढे नगरला आली आणि 1862 मध्ये इथेच वारली. तिच्या शाळा पाहून जोतीराव पुण्याला परतले आणि 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला तिच्याकडे आल्या. दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती झालं नाही. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत या गोष्टीची ओळसुद्धा असायचं कारण नाही. तिने सावित्रीबाईंना काय शिकवलं आणि कसं, याची कल्पना करत मी कितीतरी वह्या तपासल्या आहेत. तिलाही कंटाळा येत असणार. नगरचा मे महिना अमेरिकेतल्या बाईला कसा वाटला असेल!

तू आहेस त्या देशातलंही बघ. स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट लॉज आणि त्यांचे सोबती 1875 मध्ये मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला, केप मॅक्लिअरला उतरले. पहिला बाप्तिस्मा 1881 मध्ये झाला, अल्बर्ट नामालाम्बेचा. मधल्या वर्षांत मलेरियाने माणसं गेली, कबरी अजून तिथे आहेत. शेवटी ते ठाणं हलवलं. मागे शाळा राहिली आणि ती सांभाळायला नामालाम्बे राहिला. मधली वर्षं ही माणसं काय करत होती? अक्षरं शिकवत होती, सुतारकाम शिकवत होती, जखमा धूत होती. तुला तिथे जाऊन पुरतं वर्षही झालं नाही आणि तू फळ विचारतेस.

ज्या संस्थेने मला पाठवलं होतं ती दर तिमाहीला एक तक्ता पाठवायची. किती घरभेटी, किती पत्रकं वाटली, किती निर्णय, म्हणजे किती जणांनी प्रभूला स्वीकारलं. निर्णय या रकान्यात मी शून्य लिहायची आणि सोबत फॉर्म चारच्या गणिताचे गुण जोडायची. त्यांनी समज दिली. मी पुढच्या तिमाहीला पुन्हा शून्य लिहिलं आणि पुन्हा गुण जोडले. मग मदत निम्म्यावर आली. उद्धटपणा होता म्हणतात. असेल. पण माझ्या वर्गात येशूचं नाव घेतलं जायचं की नाही हे त्यांनी पोरांना विचारायला हवं होतं, आणि पोरांना विचारायला त्यांच्यापैकी कोणी कधी आलं नाही. रकाना मात्र छापून तयार.

रागावले बघ मी. इतक्या वर्षांनी.

आता अवघड गोष्ट. ती टाळून नुसतं घंटा-घंटा करणं तुझ्याशी खोटेपणा होईल. मी होते तेव्हा एड्सने माणसं जात होती. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागली 2004 मध्ये, त्याआधी नुसत्या मयती. आणि तिकडे मयतीला न जाणं म्हणजे काय हे तुला एव्हाना कळलं असेल. सगळं गाव काम टाकून जातं, बायका चितेंजे, म्हणजे कमरेची छापील कापडं, गुंडाळून रात्रभर चटईवर बसतात, शाळा बंद. एका आठवड्यात तीन झाल्या. तिसरी आमच्याच विज्ञानाच्या शिक्षकाची. सकाळी सगळा स्टाफ निघाला आणि मी म्हटलं, मी फॉर्म चार घेते, संध्याकाळी येते. स्टाफरूममध्ये कोणी काही बोललं नाही. नळावरच्या बायकांनी नंतर कितीतरी महिने माझ्याशी साधं ‘येवो’, म्हणजे नमस्कारसुद्धा, केलं नाही.

रडणाऱ्यांबरोबर रडा, पौलानेच लिहिलंय, असं तू म्हणशील. माहीत आहे मला. पण त्या वर्गात बसलेल्या कितीतरी पोरांच्या घरचं कोणी ना कोणी गेलेलं होतं. त्यांना बसायला चटया पुष्कळ होत्या. दोन तास वर्गसमीकरण सोडवायला मात्र एकच फळा होता. एक मुलगा, आई जाऊन महिना झालेला, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून उठला आणि फळ्यावर उदाहरण पुरं केलं. उत्तर चुकलं. चिन्हाची चूक होती. मी ती दाखवली, त्याने जिभेने च्च केलं आणि पुसून पुन्हा लिहिलं. त्या च्चसाठी मी आजही तो तास घेईन. संध्याकाळी गेलेही मी, चटईच्या कडेला बसले. अजून कधी रात्री हा वाद मनात सुरू होतो. दर वेळी मीच जिंकते, आणि म्हणूनच त्या निकालावर माझा पुरता भरवसा नाही. तू मयतीला जा. पण कोणाला तरी वर्गावर ठेवून जा, फळ्यावर उदाहरणं लिहून जा.

आता तुझ्या कोरडेपणाचं. पहाटे बायबल उघडलं की डोळे मिटतात, अंगात त्राण नसतं, कशातच रस वाटत नाही, असं लिहिलं आहेस. मलेरियाची तपासणी केलीस का? हिमोग्लोबिन? मच्छरदाणीला भोक असेल तर आज शिव. सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, आणि मोहरीच्या पाल्यावर किती दिवस काढते आहेस? उसिपाचा वास आवडत नसला तरी खा, सुके मासे आहेत, आपल्या बोंबलापेक्षा वाईट नाहीत. तू आजारी आहेस की नाही हे आधी ठरू दे, मग देव गप्प का आहे ते बघू.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत पोरं मागच्या बाकांवर झोपली तर ओरडू नकोस. घरातला मका तेव्हा संपलेला असतो आणि नवा निघायला एप्रिल उजाडतो. अवघड भाग पहिल्या तासाला घे, नंतर पोटात काही उरत नाही.

फीचंही बघ. तुझ्या शाळेत नावं वाचून पोरांना घरी धाडतात का? आमच्याकडे धाडायचे. एक मुलगी घरी न जाता खिडकीबाहेर उभी राहून उदाहरणं उतरवायची. पेन्सिलचा तुकडा नखाएवढा, वही भिंतीला टेकवलेली. मी फळा सोडून डावीकडे सरकायची, म्हणजे तिला शेवटची ओळ दिसावी. हेडमास्तरांना दिसत होतं, त्यांनीही पाहिलं नाही असं केलं. वर्गात येशूचं नाव मी यापेक्षा मोठ्याने कधी घेतलं नाही.

बाजारात लोक तुला दुकान कुठे आहे म्हणून विचारतात, आणि तुला त्याचं वाईट वाटतं. मला बसस्टँडवर कापडाचा भाव विचारायचे. तिकडे भारतीय चेहरा म्हणजे दुकानदार आणि मिशनरी म्हणजे गोरा, त्याला तू काय करणार. गणित शिकवते म्हणून सांग. दोन-तीन टर्म गेल्या की त्यांचीच पोरं ओळख करून देतात.

येणाऱ्या माणसाबरोबर लॉगटेबलची पुस्तकं, शेंगदाण्याची चटणी आणि लोहाच्या गोळ्या पाठवते. गोळ्या खायच्या आहेत, वाटून टाकायच्या नाहीत.

पथकवाल्यांना काय ते उत्तर तूच दे, मी तुझ्या वतीने लिहिणार नाही. फक्त फोन शनिवारी कर. शुक्रवारी दुपारी ते मोकळे असतात म्हणतेस, पण तेव्हा तुझा फॉर्म चारचा तास असतो, तूच लिहिलं आहेस.

तुझी,
बाई