कैरोच्या रिंग रोडवर रोजच्या जगण्याचे फोटो कसे काढावेत?

कंपनीची गाडी तुम्हाला रोज रिंग रोडवरून नेते-आणते. गाडीत बसल्या बसल्या फोटो काढता येतील का आणि परवानगी लागते का, असं तुम्ही विचारलंय. मी कामानिमित्त कैरोत राहिलोय, त्यामुळे सांगतो.

गाडीतून फोटोंचा नाद सोडा. काचेवर कायम धूळ, आणि हाती लागतात त्या फक्त इमारती: गिलावा न केलेल्या लाल विटा, पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या सळया, मध्येच कबुतरांचे उंच लाकडी खुराडे. पहिल्या आठवड्यात भारी वाटतं, मग सगळे फोटो सारखेच दिसायला लागतात. माणसं असतात ती रस्ता जिथे खाली उतरतो तिथे, पुलाखाली. सुट्टीच्या दिवशी मेट्रोच्या दुसऱ्या लाइनने शेवटच्या मुनीब स्टेशनला जा. तिथे मायक्रोबसचा, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या छोट्या व्हॅनचा, मोठा अड्डा आहे. एक कोपरा धरून तासभर उभे राहा. हिंडत राहिलात तर सगळे तुमच्याकडेच बघत बसतील.

सकाळी फूलची गाडी शोधा. फूल म्हणजे रात्रभर शिजवलेले बाकल्याचे दाणे. अरुंद गळ्याचं मोठं भांडं गाडीवर तिरकं बसवलेलं असतं. लांब दांड्याची पळी आत जाते, बशीत फूल पडतं, वर तेल, जिरेपूड, लिंबू. गिऱ्हाईक उभ्यानेच रोटीचा तुकडा मोडून खातं, बाजूला लोणचं आणि कांद्याची पात. हिवाळ्यात वाफ आणि तिरपं ऊन एकत्र मिळतं. आधी स्वतः एक बशी खा, मग कॅमेरा काढा. एवढ्याने निम्मं काम होतं. डोक्यावर रोट्यांची भलीमोठी फळी एका हाताने तोलत सायकल हाकणारा पोऱ्याही दिसेल, पण तो फोटो प्रत्येकाकडे असतो.

मला स्वतःला मायक्रोबस जास्त आवडायच्या. कुठे जायचंय ते लोक हाताच्या खुणेनेच ड्रायव्हरला सांगतात. आत भाडं मागून पुढे हातोहात जातं आणि सुट्टे तसेच मागे येतात. बाहेरून उघड्या दारातून हे हात टिपता आले तर चेहऱ्यांची गरजच नाही. 2025 पासून रिंग रोडवर बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतल्या जलद बस, धावू लागल्यात आणि मायक्रोबस तिथून हटवायचं चाललंय, म्हणून हे आत्ताच काढून घ्या. गल्ल्यांतल्या टुकटुक बघून मात्र हसू येईल: बहुतेक आपल्या बजाजच्याच, फक्त इतक्या नटवलेल्या की ओळखू येऊ नयेत.

रमजानात असाल तर सूर्यास्ताआधीची वेळ चुकवू नका. लोक भर रस्त्यात उभे राहून चालत्या गाड्यांच्या खिडक्यांतून खजूर आणि सरबत देतात. वाहतूक पिसाटलेली असते, सांभाळून. बांग झाली की रस्ता रिकामा.

आता परवानगी. जुलै 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सार्वजनिक जागी स्वतःपुरते फोटो काढायला परवाना नको, पैसेही नकोत, असं जाहीर केलं. मेख अशी की माणसांचा फोटो काढायला त्यांची लेखी संमती हवी, लहान मुलांचे फोटो नकोत आणि देशाची बदनामी करणारी दृश्यंही नकोत. ‘बदनामी’ म्हणजे काय ते समोरचा पोलीस ठरवणार. कागदावर सही कोण घेत बसतंय म्हणा, पण ‘मुमकिन सूरा?’ (अरबीत ‘फोटो काढू का?’) एवढं विचाराच. मान हलली नाही तर कॅमेरा खाली. लष्करी वा पोलिसी इमारती, चौक्या आणि गणवेशातली माणसं यांच्याकडे लेन्स वळवूच नका, आणि कुणी फोटो पुसायला सांगितला तर वाद न घालता पुसा. कॅमेऱ्याचा तिपायी स्टँड घेऊन गेलात की तुम्ही हौशी न राहता व्यावसायिक दिसता आणि प्रश्न सुरू होतात, तेव्हा छोटा कॅमेरा किंवा मोबाइलच बरा. ड्रोन तर भारतातूनच नेऊ नका. 2017 च्या कायद्याने त्याला संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते आणि तो विमानतळावरच अडकवतात.