अंदाजपत्रकाच्या सभेला जाऊन सामान्य नागरिकाने नेमकं काय विचारावं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुढच्या महिन्यात शहराच्या सभागृहात अंदाजपत्रक येतंय, नवं नाट्यगृह बांधावं की जुन्या जलवाहिन्या बदलाव्यात यावरून दोन तट पडलेत, अशा वेळी सामान्य माणसाने सभेला जाऊन काही उपयोग होतो का, आणि बोलायचं झालं तर काय बोलावं?

उपयोग होतो. पण ज्या दिवशी अंदाजपत्रक मंजूर व्हायचं असतं, त्या दिवशी तो सगळ्यात कमी होतो. शहरांच्या जमाखर्चाशी संबंधित कामात मी बरीच वर्षं काढली आहेत आणि जवळपास सगळीकडे क्रम हाच दिसला. आधी प्रत्येक विभाग आपली मागणी लेखा विभागाकडे पाठवतो, तिथे काटछाट होते, मग मसुदा अर्थविषयक समितीपुढे जातो आणि सर्वसाधारण सभेत येईपर्यंत कोणाला किती हे बहुतेक ठरून गेलेलं असतं. शेवटच्या सभेत भाषणं होतात, हात वर होतात, ठराव होतो. म्हणून तुम्ही समितीच्या बैठकीची तारीख शोधा आणि त्याच्याही आधी तुमच्या प्रभागाच्या प्रतिनिधीला लेखी प्रश्न द्या. सभागृहात ऐन वेळी विचारलेल्या प्रश्नाला ‘माहिती घेऊन सांगतो’ एवढंच उत्तर मिळतं. आधी हातात पडलेल्या प्रश्नावर अधिकाऱ्याला आकडा काढावा लागतो.

आता नाट्यगृह आणि जलवाहिन्या. अंदाजपत्रकाच्या एकूण रकमेवरून प्राधान्य कळत नाही. त्यातला मोठा भाग पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, पाणी उपसा, कचरा वाहतूक आणि कर्जाचे हप्ते यांना आधीच बांधलेला असतो. उरतो तो तुकडा लहान असतो आणि खरी ओढाताण त्याच्यासाठीच चालते. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: बांधील खर्च वजा जाता यंदा मोकळी रक्कम किती राहते? हे कळलं की निम्मा वाद आपोआप जमिनीवर येतो.

दुसरा प्रश्न नाट्यगृहाच्या बाजूच्या लोकांनीही विचारायला हवा. इमारत बांधायचा खर्च भांडवली. त्यासाठी अनुदान मिळतं, कर्ज मिळतं, कोनशिला बसते. पण दिवे, वातानुकूलन, सफाई, सुरक्षा आणि दहा वर्षांनी गळणारं छत हा सगळा महसुली खर्च दरवर्षी शहराच्याच डोक्यावर राहतो. तो कोणत्या शीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या क्रमांकित सदरातून करणार, भाड्यातून किती परत येईल आणि तूट पडली तर कुठलं काम मागे सरणार, याचं लेखी उत्तर मंजुरीआधी मागा. मी नाट्यगृहाच्या विरोधात अजिबात नाही. शहराला एकत्र बसायची जागा लागते आणि ती सार्वजनिक पैशातून व्हायला काहीच हरकत नाही. पण चालवायची सोय न करता बांधलेली वास्तू काही वर्षांत कुलूपबंद होते, आणि मग जागाही गेली नि पैसाही गेला.

जलवाहिन्यांचं दुखणं याच्या उलट आहे. त्या जमिनीखाली असतात, त्यांचं उद्घाटन होत नाही आणि एक वर्ष पुढे ढकलल्या तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून काटछाटीत देखभाल-दुरुस्ती पहिली सापडते. पाण्याच्या बाबतीत अशी बचत कुठवर जाऊ शकते हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने भोगलंय. शहर आर्थिक अडचणीत होतं आणि कारभार राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाकडे होता, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाच्या हाती फारसं काही उरलंच नव्हतं. खर्च वाचावा म्हणून एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. नळांची झीज रोखणारी प्रक्रिया त्या पाण्यावर केली गेली नाही आणि जुन्या वाहिन्यांमधलं शिसं घराघरांत, मुलांच्या पोटात गेलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा जुना स्रोत जोडावा लागला. पुढे पीडितांसाठी ६० कोटी डॉलरहून मोठ्या रकमेची तडजोड न्यायालयाने मंजूर केली. पैसा थोडा तरी परत देता येतो, पण शिशाने मुलांच्या मेंदूवर झालेला परिणाम भरून काढता येत नाही.

तेव्हा तुमच्या शहराच्या वाहिन्यांबद्दल विचारा: किती वर्षांच्या आहेत, गेल्या वर्षी किती ठिकाणी फुटल्या, शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आणि बिल झालेलं पाणी यांत तफावत किती? शक्य असेल तर आधी पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यांना भेटा. त्यांनी किती मागितलं आणि मसुद्यात किती उरलं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. बहुतेक वेळा ही मंडळी वाटच पाहत असतात की बाहेरून कोणीतरी हा प्रश्न विचारावा, कारण त्यांना स्वतःला सभागृहात तो मांडता येत नाही. वाहिन्या काही एका वर्षात बदलून होत नाहीत. त्यामुळे ‘हे की ते’ असा हट्ट न धरता वाहिन्यांसाठी दरवर्षी ठरावीक लांबीचं काम आणि त्याची राखीव तरतूद आधी पक्की करून घ्या, असं मी सुचवीन. ती पक्की झाल्यावर उरलेल्या पैशात नाट्यगृह बसतं का ते पाहू द्या. माझ्या मते क्रम हाच असावा, उलटा नको.

मसुदा हातात आल्यावर सगळी पानं वाचायची गरज नाही. साधारण तीन रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. लोक तिसरा रकाना वाचतात, वर्तमानपत्रंही तोच छापतात. तुम्ही पहिल्यावर नजर ठेवा. एखाद्या शीर्षावर दरवर्षी भरघोस तरतूद दिसते आणि प्रत्यक्ष खर्च मात्र नाममात्र, असं असेल तर ते काम कागदावरच आहे. सभागृहात उभं राहून असं एक शीर्ष क्रमांकासह वाचून दाखवलंत तर ‘शहराचा विकास झाला पाहिजे’ या भाषणापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त पडतं.

जमेची बाजूही पाहा. उत्पन्न फुगवून दाखवलं की सगळ्यांच्या मागण्या कागदावर मावतात आणि वर्षाच्या मध्यावर पैसे संपतात. न्यूयॉर्कने रोजचे खर्च कर्जावर भागवायची सवय लावून घेतली होती. १९७५ मध्ये कर्ज मिळणं थांबलं, हजारो कर्मचारी कामावरून कमी केले गेले आणि शहराच्या खर्चावर देखरेख करायला राज्याने वेगळं मंडळ बसवलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये अत्यावश्यक सोडून नवा खर्च थांबवल्याची नोटीस काढली. समान वेतनाच्या दाव्यांची साचलेली देणी हे त्याचं मोठं कारण होतं. म्हणून कर्ज किती आणि न भागवलेली देणी किती, हेही विचारा.

सभेला कोणी गेलंच नाही तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातलं बेल हे सुमारे ३६ हजार वस्तीचं गरीब शहर. २००५ मध्ये तिथे एक विशेष निवडणूक झाली. तिच्यामुळे सभासदांच्या वेतनावरची राज्याची मर्यादा शहराला लागू राहिली नाही. मतदान केलं चारशेहून कमी लोकांनी. २०१० मध्ये एका वृत्तपत्राने कागद बाहेर काढले तेव्हा कळलं की शहराच्या व्यवस्थापकाचा वार्षिक पगार जवळपास आठ लाख डॉलर आहे आणि अर्धवेळ काम करणारे बहुतेक सभासद लाखाच्या आसपास घेतात. यातले अनेक निर्णय मंजूर झालेच होते, फक्त पाहायला कोणी नव्हतं.

बोलायला बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात. एकच प्रश्न घ्या, पान क्रमांक सांगा, लेखी उत्तर मागा आणि प्रश्न इतिवृत्तात नोंदवायची विनंती करा. सोबत चार-पाच जण असतील तर प्रत्येकाने वेगळा प्रश्न घ्यावा. एकच मागणी पाच जणांनी केली की तिसऱ्यापासून ऐकणं बंद होतं. भ्रष्टाचाराचा आरोप हातात कागद असल्याशिवाय करू नका, कारण मग चर्चा आरोपावर जाते आणि तुमच्या वाहिन्या बाजूला राहतात.

नागरिकांनी याहून पुढे जाऊन थेट प्राधान्यक्रम ठरवल्याचीही उदाहरणं आहेत. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्ती-वस्तीच्या सभांमधून भांडवली कामांचा क्रम ठरायला लागला आणि लोकांनी आधी मागितलं ते पाणी, गटारं आणि पक्के रस्ते. नंतर राजकीय पाठबळ आटलं तशी ती पद्धतही तिथे विरत गेली. पण गरीब वस्त्यांमधल्या लोकांना आकडे कळत नाहीत असं यापुढे कोणी म्हणालं, तर हे उदाहरण जरूर द्या.

आणि मंजुरीच्या दिवशी काम संपलं असं समजू नका. वर्षभरात एका शीर्षाचे पैसे दुसऱ्या शीर्षाकडे वळवण्याचे प्रस्ताव येत राहतात. विषयपत्रिकेवर ते ‘वर्गीकरण’ म्हणून दिसतात, कधी ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून शेवटी येतात आणि चर्चा न होताच मंजूर होतात. त्या साध्या मासिक सभांना प्रेक्षागॅलरीत कोणी नसतं. जलवाहिन्यांचा शीर्ष क्रमांक आत्ताच लिहून ठेवा, दर महिन्याची विषयपत्रिका मागवा आणि तो क्रमांक वर्गीकरणात दिसला की त्या सभेला नक्की जा.